अठराव्या दिवसानंतर दार उघडायचं नाही

सोमवार, ३

पोचले एकदाची. ही वही डॉक्टरांनी दिली आहे, बाळ दिवसातून किती वेळा हलतं ते लिहून ठेवायला. एवढी जाडजूड वही आणि लिहायचं काय, तर रोज एक आकडा! कागद वाया घालवणं मला जमत नाही, म्हणून बाकीचंही लिहिणार आहे.

जागा छान आहे. मला वाटलं होतं, कोंबड्यांचा कलकलाट असेल आणि नाकाला रुमाल लावून राहावं लागेल. इथे एकही कोंबडी नाही. नुसती अंडी. लांबलचक पांढरी इमारत, दारात पाय बुडवून आत जायचं औषधी पाणी, आणि आत कपाटाएवढी उबवणीची मशीन ओळीनं उभी. प्रत्येकात ट्रेवर ट्रे. दर तासाला सगळे ट्रे एकदम कलतात, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि अख्ख्या इमारतीनं कूस बदलल्यासारखा आवाज होतो.

माझी खोली हॉलच्या टोकाला. भिंतीपलीकडे पिल्लं निघायची खोली आहे, त्यामुळे भिंत कायम कोमट. पलंगाला चाकं आणि दाराला गोल काच. जहाजात बसल्यासारखं वाटतं. नवरा सामान ठेवून परत गेला. त्याची नोकरी तिकडे, पण रविवारी येईन म्हणाला.

खरं सांगायचं तर घरातून निघाले याचाच आनंद जास्त. दोनदा दिवस राहिले आणि दोनदा गेलं, एकदा तिसऱ्या महिन्यात, एकदा पाचव्या. तेव्हापासून सासूबाईंनी मला नावानं हाक मारणं सोडलं. या खेपेला सातवा पूर्ण झालाय आणि त्यांनीच ही जागा शोधली. इथल्या मोठ्या बाई त्यांच्या मावसबहीण. बसून करायचं काम, राहायला खोली, आयतं जेवण. शिवाय इथे राहिलेल्या बाईचं मूल कधी वाया गेलं नाही, हे त्यांनी मला तीनदा ऐकवलं. असू दे. दोन महिने सुखाचे जातील.

आजचा आकडा: चौदा.

बुधवार, ५

काम शिकले. अंधाऱ्या खोलीत बसायचं, दिव्याच्या भोकावर अंडं धरायचं आणि आत बघायचं. शिकवणारीला सगळे टॉर्चमावशी म्हणतात. बावीस वर्षं एक डोळा मिटून अंडी तपासल्यामुळे ती आता माणसांशी बोलतानाही एक डोळा मिटते. मला आधी वाटलं, ही बया मला डोळा मारतेय.

सातव्या दिवशी अंड्यात लाल शिरांचं जाळं दिसतं आणि मध्ये एक काळा ठिपका. तो ठिपका म्हणजे डोळा. पाय नाहीत, पंख नाहीत, चोच नाही, पण डोळा आहे! मी कितीतरी वेळ नुसती बघत बसले. जे अंडं स्वच्छ, रिकामं दिसतं त्याला मावशी ‘वांझ’ म्हणून टोपलीत टाकते. मी म्हटलं, माझ्यासमोर हा शब्द नको. ती म्हणाली, अगं, अंड्याला म्हणतेय मी. मी म्हटलं, अंड्यालाही नको. तिनं दुसराही डोळा मिटला.

सगळा एकवीस दिवसांचा खेळ आहे. अठरा दिवस अंडी फिरवत राहायची, नाहीतर आतला जीव टरफलाला चिकटून बसतो. छोट्या मशीनमधली हातानं फिरवतात. त्या अंड्यांना एका बाजूला पेन्सिलनं फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल, म्हणजे कुठलं फिरवलं नि कुठलं राहिलं ते कळतं. अठराव्या दिवशी फिरवणं बंद. मग तीन दिवस दार उघडायचं नाही, जग इकडचं तिकडे झालं तरी नाही. बाहेरची हवा शिरली की आतली ओल जाते, टरफलाखालचा पापुद्रा सुकतो आणि पिल्लू त्यातच आवळून मरतं. प्रत्येक दारावर कार्ड लावलेलं असतं: ठेवलं कधी, फिरवणं बंद कधी, निघणार कधी.

आकडा: सोळा. दुपारी जेवल्यावर मोठ्या बाईंनी स्वतः पेलाभर दूध आणून दिलं. पाच वाजेपर्यंत मेल्यासारखी झोपले.

रविवार, ९

डोकं फिरलंय माझं. सासूबाई आणि नवरा आले होते. सासूबाई आत शिरल्या त्या थेट माझ्या पोटाशी. पोटालाच विचारलं, बरा आहेस ना राजा, गरम होत नाही ना, पोटभर मिळतं ना. तासभर बसल्या. माझ्या तोंडाकडे पाहिलं ते एकदा, पाणी मागायला.

मोठ्या बाई तर त्यांच्याहून वरताण. बोलतात अगदी हळू, हात कोरडे, चष्मा दोरीनं गळ्यात. मला हाक मारतात आणि नजर बेंबीवर. मी शेवटी म्हटलंच, की मीपण आहे इथे, मलाही काही विचारा. सगळे हसले. नवराही हसला. त्याचं हसणं मला जास्त लागलं. आईसमोर याच्या तोंडात मूग भरलेले असतात हे नवीन नाही, पण निदान हसू नये ना!

खोलीत उकडतं. खिडकी उघडायला गेले तर तिला चारही कोपऱ्यांत स्क्रू मारलेले.

सोमवार, १०

आज जे पाहिलं ते कुणाला सांगितलं तर मला वेड्यात काढतील.

मावशी चहाला गेली होती. मी एकटीच अंधारात. सहज, गंमत म्हणून, तपासणीचा हातातला टॉर्च पोटावर टेकवला. माणसाच्या पोटातून उजेड जात नाही, एवढं मलाही कळतं. गेला. सगळं पोट लाल उजळलं. शिरांचं जाळं दिसलं, बारीक, सगळीकडे पसरलेलं. मध्ये काळा ठिपका.

मी टॉर्च डावीकडे नेला. ठिपका डावीकडे आला.

आकडा लिहायचा राहिला. मोजलंच नाही.

मंगळवार, ११

अंघोळ करताना दिसलं. पोटाच्या उजव्या बाजूला पेन्सिलची फुली. घासून काढली. दुपारी झोपले, उठले तर डोकं पायथ्याकडे, पाय उशीकडे. आणि पोटाच्या डाव्या बाजूला गोल.

माझ्या अंगावर! माझ्या कातडीवर पेन्सिल!

बुधवार, १२

दूध मोरीत ओतलं आणि डोळे मिटून पडून राहिले. अडीचच्या सुमाराला दोघी आल्या. मोठ्या बाई आणि टॉर्चमावशी. पलंगाची कळ सोडली, गोल फिरवला, मला खांद्याला नि कमरेला धरून कुशीवर वळवलं. किती सराईत हात! मग माझा सदरा वर केला. पेन्सिल टेकली तसा मी मावशीचा हात धरला आणि दुसऱ्या हातानं एक सणसणीत ठेवून दिली.

मला वाटलं होतं दोघी वरमतील. मावशी थोडी रडवेली झाली. मोठ्या बाईंनी मात्र चष्मा लावून माझ्या गालाला हात लावला, ताप बघतात तसा, आणि मावशीला सांगितलं, हिला चिडू देऊ नका, तापमान वाढतं.

नवऱ्याला फोन केला. जे तोंडाला येईल ते बोलले. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "करू दे ना त्यांना. तुझ्या पद्धतीनं दोनदा करून पाहिलंच की."

हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. मुद्दाम लिहून ठेवते.

गुरुवार, १३

सकाळी पिशवी भरली आणि निघाले. कुणी अडवलं नाही. मोठ्या बाई ओसरीवर उभ्या होत्या, नुसतं हातातल्या घड्याळाकडे बघत. फाटकाबाहेर आले, मोकळी गार हवा लागली, इतकं बरं वाटलं की मोठ्यानं शिवी दिली. पाचशे पावलं गेले असेन. पोट दगडासारखं झालं. थांबले. वाट पाहिली. हाक मारली, चापट मारली, पाणी प्यायले. काही नाही. अर्धा तास रस्त्याच्या कडेला बसून होते आणि आत काहीच हललं नाही. ही शांतता मला माहीत आहे. दोनदा ऐकली आहे मी ती.

धावत परत आले. खोलीत शिरले, कोमट भिंतीला पाठ लावली आणि पाच मिनिटांत ते हललं. मी रडले. मग स्वतःचाच इतका राग आला की पिशवी भिंतीवर फेकली. बाईंनी घड्याळात वेळ बघून दार लोटून घेतलं.

मला आता खोलीत उकडत नाही. खोलीतल्या थर्मामीटरवर साडेसदतीस आहे, मशीनमध्ये असतं तेवढंच.

शुक्रवार, १४

दुसऱ्या एका मशीनचा आज एकविसावा दिवस. दार उघडलं तेव्हा मीही पाहायला गेले. ओली, लुकलुकती पिल्लं. छोटासा टोकदार दाणा असावा तसा त्यांच्या चोचीवर एक दात असतो, फक्त टरफल फोडण्यापुरता. मग तो गळून जातो. टरफलांचे ढीग पाटीत. मागे यंत्र आहे, त्यात दळून पूड करतात.

एक पिल्लू अडकलं होतं. चोच बाहेर, बाकी आत, श्वास लागलेला. मी नखानं टरफल सोलून त्याला बाहेर काढलं. पोटाशी अर्धा पिवळा बलक लोंबत होता, आत शोषला गेला नव्हता. रक्त आलं. माझ्या तळहातावर मेलं ते.

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, आपण हात लावायचा नसतो. त्याचं त्यालाच फोडू द्यायचं. टरफलाची दया करायला गेलं की पिल्लू जातं.

मी विचारलं, पिल्लाची दया केली होती ना मी? त्या माझ्या पोटाकडे बघत राहिल्या.

रविवार, १६

मऊ भात खाताना दाढ तुटली. तुकडाच आला हातात, खडूसारखा. नखं वाकतात, दुमडली की तुटतात. बाईंना दाखवलं तर त्यांचा चेहरा खुलला. आतल्या जिवाची हाडं टरफलातल्या चुन्यातून होतात, म्हणाल्या. टरफल पातळ होत जायलाच हवं, नाहीतर फुटणार कसं.

मी म्हटलं, मी टरफल नाही. त्या म्हणाल्या, अगं, मी कोंबडीचं सांगतेय.

नवरा एकटाच आला होता. दाढेचा तुकडा त्याच्या हातावर ठेवला. त्यानं तो खिशात टाकला. घरी जाऊन आईला दाखवणार असेल.

मंगळवार, १८

माझ्या दाराला बाहेरून कार्ड आहे. इतके दिवस माझं लक्षच गेलं नाही. आपल्या दाराची बाहेरची बाजू कोण बघतं?

ठेवलं: ३. फिरवणं बंद: २१. निघणार: २४.

डॉक्टरांनी दोन महिने सांगितलेत. दोन महिने! २४ म्हणजे येता सोमवार.

त्याच्यामागे जुनी कार्डं खोचलेली आहेत. पाच. प्रत्येकावर शेवटी मावशीच्या अक्षरात: निघालं, एक. टरफल, एक.

कार्डं घेऊन मावशीकडे गेले. विचारलं, या बायका कुठे आहेत. ती म्हणाली, पोरं सगळी छान आहेत गं, एक तर शाळेत पहिली येते. मी म्हटलं, पोरं नाही विचारली. बायका. तिनं त्यातलं तिसरं कार्ड माझ्या हातातून काढून घेतलं आणि पदराखाली धरलं. माझी सून, म्हणाली. नातू धष्टपुष्ट आहे.

आणि दोन्ही डोळे मिटून घेतले. मी तिला गदागदा हलवलं. बावीस वर्षं आत बघतेस, म्हटलं, एकदा बाहेर बघ की गं मेले!

गुरुवार, २०

पोर आता लाथा मारत नाही. ठोके मारतं. टक. टक टक. एकाच जागी.

भिंतीपलीकडे नवे ट्रे आले आहेत. निघायच्या आधी पिल्लं आतून एकमेकांना आवाज देतात, म्हणजे सगळी एकदम बाहेर येतात. मावशीनंच शिकवलं होतं. भिंतीपलीकडून टक टक येतं. मग माझ्या पोटातून.

डॉक्टरांना फोन केला. ताबडतोब या म्हणाले, गाडी आतून गरम ठेवून या, इथे सगळी सोय आहे, बाळ वाचेल. बाळ वाचेल! आणि पुढे म्हणाले, तुम्हीही. तुम्हीही, असं म्हणाले ते. सतरा दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी.

नवऱ्याला फोन. उद्या सकाळी गाडी घेऊन येतो म्हणाला. शपथ घेतली.

दूध नाही, पाणी नाही. डोळा लागू देणार नाही.

शुक्रवार, २१

लागला. नाश्त्यात काहीतरी होतं. जाग आली तर दार बंद, फटींना ओल्या कापडाच्या पट्ट्या. जमिनीवर पाण्याची घमेली, वाफ. पलंगाची चाकं काढून नेली आहेत. फोन नाही. वही आणि तपासणीचा टॉर्च उशीखाली होते म्हणून राहिले.

तो आलाय. माझा नवरा. गोल काचेपलीकडे उभा आहे. शेजारी सासूबाई, बाई, मावशी. मी दार बडवलं, ओरडले, गाडी कुठे आहे, शपथ घेतली होतीस! त्यानं कडीला हात लावला. बाईंनी काचेबाहेरचं थर्मामीटर दाखवलं. त्यानं ते वाचलं —

आणि हात काढून घेतला.

शनिवार, २२

आज कुणी फिरवायला आलं नाही. पाठ आखडली आहे. आणि मला, माझं मला, वाटलं की कुणीतरी यावं आणि वळवावं. थू!

हात उजेडात धरला तर बोटांची हाडं दिसतात. त्यांना सगळ्यांना काचेतून दाखवला. सासूबाईंनी हात जोडले — माझ्या हाताला नाही — खाली —

रविवार, २३

पोटावर नवी खूण. बेंबीच्या वर, छोटं वर्तुळ. खोलीत कुणी आलेलं नाही. पेन्सिलची नाही ही. आतून आहे.

मावशी दुपारी एकटीच काचेपाशी. दोन्ही डोळे उघडे. रडत होती. मी टॉर्चनं काचेवर मारायची खूण केली, तू बाहेरून मार, मी आतून — तिनं मान हलवली. ओठ वाचले मी. आपण हात लावायचा नसतो.

ठीक. नका लावू. माझा हात आहे.

सोमवार, २४

काचेला तडा गेलाय. टॉर्चचा मागचा लोखंडी भाग. तीन नखं गेली, मनगटात काहीतरी मोडलं. तिकडे सगळे बघताहेत. कुणी अडवत नाही, कुणी मदत करत नाही. बाईंच्या हातात घड्याळ.

भिंतीपलीकडे हजारो टक टक टक, एकदम —

इथे कुणी तुला सांगितलं नसेल म्हणून सांगते. सगळे तुझ्याशीच बोलत होते, मीच राहिले. ऐक. राजाबिजा नाही म्हणणार मी. तुझ्यापायी मी रस्त्यातून परत आले. दोघं गेली, तू गेलेलं मला चालणार नाही. पण मीही जाणार नाही. मी तुझी आई आहे. पिशवी नाही. कवच नाही. थांब जरा. काच फुटली की गाडीत बसू, डॉक्टर आहेत, त्यांनी दोघांचं सांगितलंय, दोघांचं. फक्त थांब.

थांबलं.

ऐकलं त्यानं! माझं ऐकलं! इथे माझं ऐकणारं हे एकटं —

अजून दोन घाव आणि काच —

पलीकडे सगळं एकदम गप्प. सगळी निघाली वाटतं. आता हे एकटंच —

नको. थांब म्हटलं ना. थांब, बाळा, आई आहे मी, मी आ—